अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने ट्रक चालवावा का? (नानांचं हेवी लायसन्स)

रावेरकर (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील (आम्ही नाना म्हणतो) ५६ वर्षांचे आहेत. स्वतःची दहाचाकी गाडी, स्वतःच चालवतात. रावेर-सावद्याची केळी भरायची आणि बऱ्हाणपूर, इंदूर करत दिल्लीकडे निघायचं, हा तीस वर्षांचा धंदा. केळी थांबत नाही, म्हणून नानाही थांबत नाहीत. साडेतीन महिन्यांपूर्वी त्यांना अटॅक आला. नशीब, तेव्हा घरी होते. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. आता चालतात-फिरतात, शेतात जाऊन येतात.

पुढच्या महिन्यात हेवी लायसन्स संपतंय. त्याला डॉक्टरचा वन-ए फॉर्म लागतो. एजंट फोनवर म्हणाला, "फोटो आणि आधार पाठव, बाकी मी बघतो." म्हणजे नानांना न तपासताच ते फिट होणार. नाना खूश आहेत. आई काही बोलत नाही, पण रोज रात्री मला विचारते, "अरे, जाऊ द्यायचं का त्यांना?" गाडीचे १९ हप्ते बाकी आहेत. मी पुण्यात नोकरीला आहे, पण पगार हप्ता भरण्याइतका नाही.

प्रश्न दोन. एक, कायदा काय म्हणतो? दोन, कायदा राहू दे, तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं?

पोपटपंची | रात्री ९:५२
एजंटला विचारा, स्टेंटसकट पासिंग करून देतो का. (दिवे घ्या.)

चहाबाज | रात्री १०:०५
वडिलांना आराम द्या हो. जान है तो जहान है.

सहा_गाड्या | रात्री १०:३१
@चहाबाज, आराम द्या म्हणणं सोपं असतं. हप्ते तुम्ही भरणार का?

माझ्या सहा गाड्या आहेत, म्हणून बोलतो. आज चांगला ड्रायव्हर मिळत नाही. जे आहेत ते पंचेचाळीस-पन्नासच्या पुढचे. पोरं या लायनीत यायला तयार नाहीत. बीपी, शुगर नाही असा ड्रायव्हर दाखवा, मी त्याचा सत्कार करतो. उद्या सरकारने ईसीजी सक्तीचा केला तर निम्म्या गाड्या उभ्या राहतील, मग महाग भाजी खाताना हेच लोक धागे काढतील.

वन-ए फॉर्मचं म्हणाल तर मी २२ वर्षं बघतोय. डॉक्टर मान वर न करता शिक्का मारतो. एकदा माझ्या ड्रायव्हरच्या जागी क्लीनर जाऊन उभा राहिला, तोही फिट!

डॉ_अडुळसा | रात्री ११:१८
रावेरकर, मी फिजिशियन आहे. हृदयरोगतज्ज्ञ नाही, तेव्हा शेवटचा शब्द नानांच्या डॉक्टरांचाच.

आधी तो वन-ए फॉर्म शांतपणे वाचून बघा. मी असे फॉर्म भरलेत. त्यात काय विचारलंय? नजर कशी आहे, लाल-हिरवा रंग ओळखतो का, २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, ऐकू येतं का, रातांधळेपणा आहे का, हातपाय धड आहेत का. डॉक्टरने रिअ‍ॅक्शन टाइम, बाजूची नजर आणि डोळे दिपल्यावर सावरायला लागणारा वेळ तपासायचा, तेही फक्त धोकादायक माल नेणाऱ्यांच्या बाबतीत. हृदयाचा स्वतंत्र रकानाच नाही. म्हणजे प्रामाणिक डॉक्टरने प्रामाणिकपणे भरला, तरी नानांचा स्टेंट त्या कागदावर कुठे उमटेलच असं नाही. अर्जदाराने स्वतः भरायच्या फॉर्म १ मध्ये मात्र अपस्मार आहे का, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, हे पहिल्याच प्रश्नात विचारलंय. आपण सगळे त्यावर डोळे मिटून "नाही" लिहितो.

आता मुद्दा. स्टेंट आहे म्हणून गाडी बंद, असं सरसकट नसतं. मला तीन गोष्टी कळायला हव्यात. टू-डी इकोमध्ये ईएफ किती, म्हणजे हृदयाचं पंपिंग किती उरलंय? ट्रेडमिल टेस्टमध्ये छातीत दुखतं का, ईसीजीची पट्टी बदलते का? आणि अटॅकनंतर कधी चक्कर येऊन पडले का?

छातीत दुखायला लागलं तर बऱ्याच जणांना गाडी बाजूला घेण्याइतका वेळ मिळतो. भीती असते ती ठोक्यांची लय एकाएकी बिघडण्याची. त्यात पाच-दहा सेकंदांत शुद्ध जाते. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. दहा सेकंदांचा हिशोब तुम्हीच करा, आणि मागे पंधरा टन केळी आहे हे विसरू नका.

आणि साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणून हुरळू नका. नळीत ब्लॉकेज असूनही आडवं झोपून काढलेला ईसीजी अगदी देखणा येऊ शकतो. @सहा_गाड्या, तुम्ही म्हणता तसा ईसीजी सक्तीचा करून फार काही साधणारही नाही.

सहा_गाड्या | रात्री ११:२६
डॉक्टर, या धाग्यावर आपलं एकमत होईल असं वाटलं नव्हतं.

निवृत्त_वाहक | सोमवार, सकाळी ६:१०
एसटीत ३१ वर्षं घंटी मारली. एक प्रसंग सांगतो.

खंबाटकी उतरत होतो. रात्रीची गाडी, ४८ शिटा भरलेल्या. आमच्या चालकाने (नाव नको, आता या जगात नाहीत) गाडी हळूहळू डाव्या अंगाला घेतली आणि उभी केली. मला वाटलं लघवीला थांबले. त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि मला हाक मारली, "मास्तर, आधी चाकाला दगड लावा." मी उतरून दगड लावला. वर येऊन बघतो तर स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं, सदरा घामाने भिजलेला. मग म्हणाले, "छातीत गच्च झालंय हो." आधी दगड, मग छाती! वाचले तेव्हा. पुढे त्यांना डेपोत हलकं काम मिळालं. पण ते कायम म्हणत, "मास्तर, स्टिअरिंग सुटलं आणि मी म्हातारा झालो."

२०२४ च्या नोव्हेंबरात बेंगळुरूला सिटी बसचा चालक चालू गाडीत कोसळला. कंडक्टरने झेप घेऊन ब्रेक दाबला, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. चालक वाचला नाही. वय चाळीसच्या आसपास होतं बिचाऱ्याचं. तो व्हिडिओ बघून मला दोन रात्री झोप नव्हती. आणि तुमच्या नानांच्या गाडीत, रावेरकर, कंडक्टर नाही.

तेजू२२ | सकाळी ६:४८
वाहककाका, काटा आला अंगावर.

मिडलंड्सचा_मावळा | सकाळी ११:०२
मूळचा बुलढाण्याचा, १४ वर्षं इंग्लंडमध्ये बस चालवतोय. स्वतः स्टेंटवाला आहे, म्हणून लिहितो.

इकडे कारचं आणि ट्रक-बसचं लायसन्स यांत वैद्यकीयदृष्ट्या जमीन-अस्मानाचा फरक. बस-ट्रकला ग्रुप टू म्हणतात. अटॅक आला की ग्रुप टूवाल्याने डीव्हीएलएला (इथलं लायसन्स खातं) कळवायचं आणि किमान ६ आठवडे गाडीला हात लावायचा नाही. त्यानंतर ईएफ किमान ४० टक्के हवा आणि ट्रेडमिलवर ९ मिनिटं काढून दाखवायची, तीही छातीदुखीवरच्या गोळ्या ४८ तास बंद ठेवून (अर्थात डॉक्टरला विचारून). बायपास झाली तर ३ महिने. छातीत शॉक देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी बसवलं की ट्रक-बस कायमची बंद. पेसमेकरवाल्याला मात्र ६ आठवड्यांनी परत मिळू शकते. बीपी १८०/१०० ला टेकलं की थांबवतात. ४५ नंतर दर ५ वर्षांनी तपासणी, ६५ नंतर दरवर्षी.

मी ट्रेडमिलवर चढलो तेव्हा आठव्या मिनिटाला मला गजानन महाराज दिसायला लागले होते. पण उतरलो नाही. तोवर कंपनीने ऑफिसात बसवून पगार चालू ठेवला. सगळा फरक तिथे आहे. मला खरं बोलणं परवडलं.

आणि न बोलल्याने काय होतं तेही इथेच घडलंय. २२ डिसेंबर २०१४, ग्लासगो. कचऱ्याच्या लॉरीचा ड्रायव्हर चालवता चालवता बेशुद्ध पडला, ख्रिसमसच्या खरेदीला आलेली सहा माणसं गेली. त्याला हृदयविकार नव्हता, साधी घेरी होती. पण आधी २०१० मध्येही उभ्या बसच्या स्टिअरिंगवर त्याची शुद्ध हरपली होती आणि ते त्याने लपवलं होतं, हे चौकशीत निघालं.

पोपटपंची | सकाळी ११:२०
@मावळा, गण गण गणात बोते! आठव्या मिनिटाला मला कोण दिसतं ते बघायला मीही टेस्ट करून घेतो.

जर्सीचा_जगू | दुपारी ३:३३
अमेरिकेत पण साधारण असंच. सरकारी यादीत नाव असलेल्याच वैद्यकीय तपासनीसाकडून तपासून घ्यावं लागतं, कार्ड जास्तीत जास्त २ वर्षांचं. अटॅक येऊन गेलेल्याला दर वर्षी. अटॅकनंतर काही काळ घरी बसायचं. आयसीडीवाला बाद. सविस्तर रात्री लिहितो.

(लिहिलं नाहीस तरी चालेल जगू, तुझं "रात्री लिहितो" आम्हाला माहीत आहे. — पोपटपंची)

अनामिका_स | दुपारी ४:१५
खूप विचार करून लिहिते आहे. माझं खरं नाव कुणी विचारू नका.

माझे मिस्टर शाळेची व्हॅन चालवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट पडला. महात्मा फुले योजनेत झालं, म्हणून पैशांचं निभावलं. पण महिनाभराने शाळा सुरू होणार होती. ते म्हणाले, कुणाला सांगायचं नाही. शेजारणीला मी सांगितलं की पित्ताचा त्रास झाला. गोळ्या ते तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवायचे, म्हणजे खिशातून काढताना कुणाला संशय नको. लोकांना वाटायचं सुटली नाही सवय. दहा पोरं असायची व्हॅनमध्ये. त्यात माझी स्वतःची मुलगी.

रोज सकाळी सातला ती गाडी वळेपर्यंत मी दारात उभी राहायची. फोन वाजला की पोटात गोळा. एक दिवस मुलगीच म्हणाली, "आई, बाबा सिग्नलला डोळे मिटून बसतात." त्या रात्री आमचं खूप भांडण झालं. मी म्हटलं, तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते.

तेजू२२ | दुपारी ४:४०
माफ करा, पण मला राग आला वाचून. माझा मुलगा रोज व्हॅननेच जातो. तुम्हाला दहा आयांना अंधारात ठेवायचा काय अधिकार होता?

निवृत्त_वाहक | सायं. ५:०५
तेजूताई, राग रास्त आहे. पण त्यांना पुरतं लिहू तर द्या.

अनामिका_स | सायं. ६:३०
@तेजू२२, अधिकार नव्हताच. म्हणूनच लिहिलं.

मग त्यांनी स्वतः जाऊन शाळेत सांगितलं. शाळेने चहा दिला, कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॅन दुसऱ्याला दिली. दोन पालकांनी घरी येऊन तोंडावर नको ते ऐकवलं. आता ते पहाटे मार्केटमधून भाजी आणून तीन मेसना पोचवतात. मिळकत निम्मी. पण गोळ्यांची डबी आता टीव्हीवर असते. रावेरकर दादा, तुमच्या आई काही बोलत नाहीत म्हणालात ना, त्यांना एकदा नीट बोलतं करा.

तेजू२२ | सायं. ६:५१
ताई, मघाशी जरा जास्तच बोलले. तरी मुद्दा सोडत नाही, फक्त राग तुमच्यावर नको होता.

काळा_कोट | रात्री ८:२०
कायद्याचं मी सांगते, सोपं करून.

१. वाहतुकीच्या गाडीचं लायसन्स ५ वर्षांचं, धोकादायक मालाचं ३ वर्षांचं. नूतनीकरणाला वैद्यकीय दाखला लागतो. संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो आणि संपल्यावरही एक वर्षापर्यंत, त्यानंतर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट. पूर्वी संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. म्हणजे संपल्या दिवसापासून गाडी चालवायची नाही, पण लायसन्स लगेच मरतही नाही. रावेरकर, याचा तुम्हाला उपयोग आहे. पुढच्या महिन्यातच दाखला मिळवायची तलवार डोक्यावर नाही. नाना बरे होईपर्यंत थांबता येतं.

२. मोटार वाहन कायद्याचं कलम १८६. आपल्याला असा आजार आहे की ज्यामुळे आपलं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं आहे, हे माहीत असून चालवली तर दंड. पहिल्यांदा १,००० रुपये, पुढे २,०००.

३. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की ७,५०० किलोपर्यंतची वाहतूक गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर चालते आणि वाहतूक गाड्यांसाठीच्या जादा अटी त्याहून जड गाड्यांनाच लागू. पोटावर हात असलेल्या लाखो लोकांना त्याने दिलासा मिळाला, नाकारत नाही. पण अनामिकाताईंच्या व्हॅनसारख्या गाड्या दाखल्याच्या या चाळणीतून खालीच पडतात.

४. वाईट बोलू नये, पण विचारात घ्या. ड्रायव्हर कामावर असताना हृदयविकाराने गेला तर कर्मचारी भरपाई कायद्याखाली पैसे मिळतात का? मिळू शकतात, पण आपोआप नाही. दिल्लीहून झारखंडपर्यंत हजार-अकराशे किलोमीटर ट्रक चालवत आलेला ड्रायव्हर वाटेत गाडी उभी करून कोसळला, त्याच्या वारसाला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये भरपाई दिली, कारण कामाचा ताण उघड दिसत होता. उलट २००६ मध्ये एका क्लीनरच्या प्रकरणात ताणाचा पुरावा नाही म्हणून नाकारली. आणि नाना स्वतःच मालक आहेत. भरपाई कोण कोणाला देणार?

पोपटपंची | रात्री ८:२८
हजार रुपये?! पंधरा टनांची गाडी आणि दंड हजार! यात तर दिल्लीपर्यंतचे टोलसुद्धा भागत नाहीत.

डॉ_अडुळसा | रात्री ९:४५
अवांतर, पण सांगून ठेवतो. ट्रकवाल्या पेशंटमध्ये हे हमखास दिसतं.

पाय सुजतात म्हणून दिलेली लघवीची गोळी रस्त्यात थांबावं लागतं म्हणून ते घेत नाहीत. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून मनानेच बंद करतात. अटॅकनंतर या दोन्ही साधारण वर्षभर चालतात. डॉक्टरला न विचारता सोडल्या तर स्टेंटच्या आत गुठळी होऊ शकते. जिभेखालची गोळी चालवता चालवता ठेवतात. तिने बीपी झपकन उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. गाडी उभी करायची, बसायचं, मग गोळी, आणि १०८ ला फोन. धाब्यावर मिळणाऱ्या "ताकदीच्या" गोळ्या जिभेखालच्या गोळीबरोबर पोटात गेल्या तर जीव जाऊ शकतो. हे सांगायला लाजू नका, पेशंट विचारायला लाजतात.

आणि नाना मोठ्याने घोरतात का? झोपेत श्वास अडकत असेल तर दिवसा स्टिअरिंगवर डुलकी लागते, हृदयालाही ते वाईटच.

सहा_गाड्या | रात्री १०:१२
घोरणं तपासलं तर डॉक्टर, खरंच एक गाडी निघायची नाही.

पण अनामिकाताईंचं वाचून माझ्या एका माणसाची आठवण झाली. बायपास झाली, सांगितलं नाही. मला कळलं कसं? शर्ट काढून टायर बदलत होता, छातीवर चीर दिसली. मी हाकलला नाही, पण लांबची भाडी बंद केली आणि ट्रिपचे पैसे कमी झाले म्हणून तोच सोडून गेला. दुसऱ्या मालकाकडे शर्ट घालून टायर बदलत असणार.

चहाबाज | रात्री १०:४०
माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल माफी. आणि एक कबुली. मला गेल्या वर्षी दोनदा चक्कर आली, एकदा पडलो. नंतर कारचं लायसन्स रिन्यू केलं, फॉर्मवर "नाही" लिहिलं. डॉक्टरांचं वाचून आता खुर्चीत अवघडलोय.

डॉ_अडुळसा | रात्री १०:४४
@चहाबाज, उद्या सकाळी. चहाच्या आधी. आणि दवाखान्यात गाडी चालवत जाऊ नका.

(मधले ३४ प्रतिसाद केळीचे भाव, टोल आणि कुठल्या धाब्यावर शेवभाजी चांगली यावर. संपादकांनी वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

मिडलंड्सचा_मावळा | पाच आठवड्यांनंतर
धागा वर काढतोय. रावेरकर, नानांचं काय झालं?

रावेरकर | दुसऱ्या दिवशी, रात्री ११:५०
मंडळी, उशीर झाला, माफ करा. गावी होतो.

वकीलताईंचं एक वर्षाचं वाचून जीव भांड्यात पडला. एजंटला नाही म्हटलं. मग आईला विचारलं. ती म्हणाली, "हॉस्पिटलात त्यांनी माझा हात धरला होता, लग्नानंतर पहिल्यांदा. तो काय भाजी आणायला धरला होता?" हे मी नानांना सांगितलं नाही, पण बहुतेक तिनेच सांगितलं असावं.

गेल्या आठवड्यात इको आणि ट्रेडमिल झाली. ईएफ ४५. ट्रेडमिलवर सहाव्या मिनिटाला दम लागला, पट्टीतही थोडा बदल आला. गजानन महाराजांपर्यंत पोचलेच नाहीत. नाना डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, मी गाडी चालवू की नको, ते तोंडी नको, कागदावर लिहून द्या. पोरगं सांगतं म्हणून मी ऐकणार नाही." डॉक्टरांनी लिहून दिलं: जड वाहन सध्या नाही, औषधं वाढवून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तो कागद नानांनी घडी करून लायसन्सच्या पाकिटात ठेवलाय, बालाजीच्या फोटोमागे.

गाडी विकली नाही. बँकेकडून हप्त्याची मुदत वाढवून घेतोय, व्याज वाढेल. चुलतभावाच्या ओळखीचा २८ वर्षांचा पोरगा गाडीवर ठेवला. पहिल्या खेपेला नाना बाजूच्या सीटवर बसून इंदूरपर्यंत गेले, "रस्ता दाखवायला".

निवृत्त_वाहक | रात्री ११:५८
अरे देवा! बाजूच्या सीटवर बसलेल्या ड्रायव्हरचं बीपी चालवणाऱ्यापेक्षा जास्त असतं. मोजलंत का?

रावेरकर | रात्री १२:०६
काका, त्या पोराने इंदूरला पोचल्यावर मला फोन केला. म्हणाला, "भाऊ, पुढच्या खेपेला नानांना पाठवू नका. अख्ख्या रस्त्यात ते पायाने ब्रेक मारत होते, त्यांच्या बाजूचा पत्रा चेपलाय."